शरकर्ता गुरू आणि यंत्राची पटाशी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



देवाचे दार यंत्राने कोरलेले चालते का? प्रश्न साधा दिसतो. पण माजलगाव तालुक्यातल्या आमच्या गावी दत्तमंदिराला नवे सागवानी दार करायचे ठरले आणि या एकाच प्रश्नावर मंदिर समितीच्या चार बैठका झाल्या. दाराच्या दोन फळ्यांवर बारा-बारा चौकटी, त्यांत अवधूताचे चोवीस गुरू, आणि वरच्या पट्टीवर गाय, श्वान व औदुंबरासह त्रिमुखी दत्त, असा बेत होता. एक बाजू म्हणे, यंत्राच्या कामात भाव कुठून येणार? दुसरी म्हणे, भाव माणसाच्या मनात असतो, लाकडात नसतो. दोन्हीकडे वडीलधारी, नित्य पारायण करणारी माणसे. हा प्रश्न आता आमच्या एका गावाचा राहिलेला नाही. घरच्या देवघराच्या दारापासून मंदिराच्या मखरापर्यंत सगळे यंत्रावर कोरून मिळू लागले आहे. म्हणून जयंतीच्या या अंकात त्याचा जरा शांतपणे विचार करावा असे वाटले.

आधी हे यंत्र करते काय ते पाहू. त्याला सीएनसी म्हणतात, म्हणजे आकड्यांच्या हुकमावर चालणारे यंत्र. १९५२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत असे यंत्र पहिल्यांदा चालवून दाखवले, तेव्हा त्याला हुकूम मिळत ते भोके पाडलेल्या पट्टीवरून. विमानाचे अवघड भाग अचूक कापता यावेत, हा तेव्हाचा हेतू. आता हुकूम संगणकातल्या फाइलमधून जातात. लाकूड टेबलावर घट्ट बांधतात. वर मोटर असते आणि तिच्या टोकाचे पाते मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेते. ते पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि वर-खाली असे तीन दिशांनी सरकते. फाइलमध्ये चित्राच्या ठिपक्या-ठिपक्याची खोली लिहिलेली असते. गाईचे पोट वर राहू दे, पायामागची जमीन चार सूत खाली जाऊ दे, असे. पाते आधी जाडेभरडे लाकूड काढून टाकते. मग गोल टोकाचे बारीक पाते अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरवर एकेक रेघ ओढत जाते. फूट बाय फूट चौकटीत अशा सहाशे रेघा बसतात. प्रत्येक रेघ फूटभर, म्हणजे सहाशे फुटांची चाल झाली. मिनिटाला दहा फूट धरले तर हे शेवटचे काम तासाभरात आटोपते. हाताने तेवढेच काम करायला कारागिराला कित्येक दिवस लागतील.

तरी या यंत्राला दोन गोष्टी जमत नाहीत. पाते फक्त वरून उतरते. त्यामुळे हाताच्या मागची पोकळी किंवा फळीपासून सुटा उभा असलेला गाईचा कान त्याला कोरता येत नाही. आणि टोक गोल, म्हणून डोळ्याचा कोपरा, बोटांमधली फट धारदार निघत नाही. तिथे पटाशीच धरावी लागते. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता पहिला आक्षेप, सोवळ्याचा. यंत्राला तेल-ग्रीस लागते, ते कुठल्या हाताने चालते कोण जाणे, मग देवाला कसे चालेल? याचे उत्तर आपल्या आजोबा-पणजोबांनी देऊन ठेवले आहे. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ च्या सुमारास छापखाना काढला, तेव्हा शाईत चरबी असते म्हणून सोवळी माणसे छापील कागदाला शिवायला भीत. त्यांची समजूत पटावी म्हणून तुपाची शाई वापरली, असे सांगतात. त्याआधी पोथी म्हणजे बोरूने लिहिलेली. आज आपण गुरुचरित्राचा सप्ताह करतो तो छापील पोथीवरच. लाल वस्त्रात बांधतो, पाटावर ठेवतो, गंध-फूल वाहतो. ती यंत्रातून हजारांच्या संख्येने निघाली, हे तेव्हा मनातही येत नाही, आणि त्यामुळे पारायण कुठे उणे पडत नाही. घराघरांतल्या भिंतींवरच्या दत्ताच्या तसबिरीही छापखान्यातूनच आल्या. तेव्हा यंत्राचा विटाळ हा मुद्दा मला तरी टिकणारा दिसत नाही.

शिवाय आपल्या संप्रदायाची एक खूण लक्षात घ्या. गाणगापूरला निर्गुण पादुका, नृसिंहवाडीला मनोहर पादुका, औदुंबरला विमल पादुका. जिथे महाराष्ट्र-कर्नाटकातला दत्तभक्त आयुष्यात एकदा तरी जाऊन येतो, तिथे मस्तक ठेवायचे ते पादुकांवर. दागदागिन्यांनी मढलेल्या कोरीवकामावर आपली भक्ती कधी अवलंबून नव्हती. आंबाजोगाईला दासोपंतांच्या देवघरातला दत्त एकमुखी, चित्रातला त्रिमुखी, आणि पादुकांत तर मुखच नाही. तिन्ही ठिकाणी हात जोडले जातात. म्हणजे बारीक कोरीवकामाने देवत्व वाढत नाही आणि साध्या कामाने ते घटतही नाही.

मग प्रश्न मिटला का? नाही. दुसरा आक्षेप खोल आहे, कामातल्या भावाचा.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडायला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. तिथे अधिष्ठान म्हणजे देह आणि करण म्हणजे इंद्रिये. पण हीच विभागणी सुतारकामाला लावून बघा. सागाची फळी हे अधिष्ठान. सुतार कर्ता. पटाशी, हातोडा, रंधा हे करण. हात चालतो, मनगट वळते, फुंकर मारून भुसा उडवला जातो, ही चेष्टा. आणि फळीत ऐन मोक्याच्या जागी गाठ निघेल की नाही, ते दैव. या हिशेबात यंत्र कुठे बसते? ते करण आहे. पटाशीही करणच होती. पटाशीने केलेले चालते आणि यंत्राने केलेले चालत नाही, असे नुसत्या करणावरून म्हणता येणार नाही.

पण फरक आहे, तो चेष्टेत. पटाशीच्या कामात चेष्टा माणसाच्या अंगात होती. यंत्राने ती अंगातून काढून स्वतःकडे घेतली. सुताराचा हात चालत होता तोवर त्याचे डोळे आणि मन त्या हातापाशी राहणे भागच होते. लक्ष ढळले की पटाशी घसरली आणि बोट कापले. यंत्रापाशी तशी सक्ती नाही. बटण दाबून माणूस चहाला जाऊ शकतो. म्हणजे यंत्र आले की कर्त्याकडे पाहणे, जाणणे, निवडणे आणि चुकले तर थांबवणे एवढेच उरते. तेही त्याने सोडले, तर त्या कामाला कर्ताच उरत नाही. यालाच कोणी निष्काम कर्म म्हणेल तर ती फसवणूक होईल. करून सवरून ‘मी केले नाही’ म्हणणारा अकर्ता निराळा आणि मुळातच लक्ष न देणारा निराळा.

इथे मला चोवीस गुरूंपैकी शरकर्ता आठवतो. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले गुरू सांगतो. दत्त संप्रदायात तो अवधूत म्हणजे श्रीदत्तात्रेयच. त्यावर नाथांनी एकनाथी भागवत रचले, ते १५७३ साली काशीत पूर्ण झाले. त्या चोविसांत पृथ्वी आहे, समुद्र आहे, अजगर आहे, पिंगला आहे, आणि एक कारागीरही आहे, बाण करणारा. तो बाणाचे टोक सरळ करण्यात असा गुंग झाला की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत गेली तरी त्याला पत्ता नाही. अवधूताने त्याच्याकडून एकाग्रता घेतली.

यातली एक बाब मला नेहमी विचारात पाडते. बाण ही काही पूजेची वस्तू नाही, ते मारण्याचे हत्यार. तरी अवधूताने बाण करणाऱ्याला गुरू म्हटले. म्हणजे वस्तू कोणती, ती कशासाठी, यावर गुरुत्व ठरले नाही, ते ठरले अवधानावर. विमानांच्या भागांसाठी निघालेले यंत्र आज देवाचे दार कोरते, याचे म्हणून मला वाईट वाटत नाही. पण अवधूताची कसोटी यंत्रालाही लावलीच पाहिजे. अवधान कुणाचे? यंत्र अचूक असते, एकाग्र नसते. राजाची स्वारी गेली तरी त्याला कळत नाही हे खरे, पण समोर दत्त कोरला जातो आहे हेही त्याला कळत नाही.

हे नुसते तत्त्वज्ञान नव्हे. आमच्या समितीने वरच्या पट्टीचा नमुना म्हणून दत्ताची एक चौकट एका कार्यशाळेतून कोरून आणली. फाइल तयार, कुठून तरी विकत घेतलेली. काम दिसायला सुरेख, गाईच्या गळ्यातली घंटासुद्धा उठून दिसत होती. चौकट मंडपात ठेवली. सगळे वाहवा करत होते. तेवढ्यात दळण घेऊन चाललेली एक आजी थांबली, बोटाने मोजू लागली आणि म्हणाली, “का ओ, एक वेद कुठं गेला?” पाहतो तर श्वान तीनच. चौथा किनारीच्या वेलबुट्टीत कापला गेला होता. मग सगळ्यांचेच डोळे उघडले. वरच्या दोन हातांत शंख-चक्र, मधल्या दोहोंत डमरू-त्रिशूळ, खालच्या दोहोंत माळ-कमंडलू हवेत. त्यातली माळ दोरखंडासारखी झाली होती. औदुंबराला पाने होती पिंपळासारखी लांब शेपटीची, आणि फळ एकही नाही. उंबराची फळे खोडाला आणि जाड फांद्यांना घोसाने लगडतात, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या पोरालाही ठाऊक असते. ज्याने फाइल केली त्याने उंबर पाहिला नसावा. ज्याने विकली त्याने दत्त पाहिला नसेल. ज्याने कोरली त्याने फक्त बटण पाहिले. आणि यंत्राने ती चूकही अर्ध्या मिलिमीटरच्या अचूकतेने कोरून दिली. तीच फाइल आणखी किती देवघरांत जाईल कोण जाणे. हाताने चुकणारा एकदा चुकतो, फाइल चुकली की दर वेळी चुकते.

तिसरा आक्षेप पोटाचा आहे, आणि धर्माच्या गोष्टीत पोटाची गोष्ट टाळू नये. यंत्राने माणसाचे काम जाते म्हणजे काय, हे बीड जिल्ह्याला दुसऱ्याने सांगायला नको. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडची लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. आता फडात हार्वेस्टर उतरला आहे. कोयत्याचे कष्ट सुटावेत असे कुणाला वाटणार नाही? पण कोयत्याबरोबर भाकरीही सुटली तर काय, ही धास्ती पालात बसलेल्या माणसाला असते. सुताराचेही तेच. बैलगाडी, तिफण, कुळव करणारे बलुतेदार, ट्रॅक्टर आला आणि त्यांची कामठी बंद पडली.

बैठकीत कुणीतरी जोरात म्हणाले, “देवाच्या दाराला माणसाचाच हात लागला पाहिजे!” गावचे म्हातारे सुतार तात्या कोपऱ्यात बसले होते. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “गुरुजी, ह्या गावात इतकी घरं झाली. दारं समदी दुकानातून आली. तव्हा कुणी म्हणलं न्हाई, तात्याचा हात पाह्यजे. आता देवाच्या दाराला हात अन् तुमच्या दाराला यंत्र, हे कसं काय?” सभेत कुणी बोलले नाही. मला विचाराल तर साऱ्या चर्चेत यापेक्षा नेमके वाक्य झाले नाही. कारागिराची आठवण फक्त देवाच्या निमित्ताने येत असेल तर ती कारागिराबद्दलची आस्था नव्हे, तो आपल्या पुण्याचा हिशेब झाला. तात्यांनी आणखी एक खरी गोष्ट सांगितली. ते औत-गाडीचे सुतार, बारीक मूर्तिकाम त्यांचे नव्हे. तसे काम करणारे कारागीर दूरदूरहून आणावे लागतात. अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी २०२३ साली चंद्रपूरहून सागवान मिरवणुकीने गेले आणि दारांच्या कामाला तमिळनाडूचे कारागीर होते. मोठ्या क्षेत्राला ते शक्य असते. वर्गणीतून दिवाबत्ती चालवणाऱ्या खेड्यातल्या मंदिराने कर्ज काढून तसे करावे, असे मी म्हणणार नाही.

मग करायचे काय? इथे मला आंबाजोगाईच्या दासोपंतांकडे पाहावेसे वाटते. आपल्या जिल्ह्याचे हे थोर दत्तभक्त, १५५१ ते १६१५ हा त्यांचा काळ. गीतेवर सव्वा लाख ओव्यांचा गीतार्णव त्यांनी लिहिला. रोज एका ढब्बू पैशाची शाई लागे, असे सांगतात. आणि त्यांची पासोडी! सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर पंचीकरणाचा सगळा विषय त्यांनी ओव्यांत आणि आकृत्यांत लिहून काढला. चारशे वर्षांचे ते जुने कापड. उद्या कोणी म्हणाले की यंत्राने तिचे चित्र घेऊन ठेवू, तर ते चांगलेच काम होईल, कारण कापड विरते आणि विचार राहायला हवा. यंत्र ते काम थोड्या वेळात करील. पण त्या थोड्या वेळात दासोपंत घडणार नाहीत. पासोडीतून जगाला एक वस्तू मिळाली, आणि ती लिहिता लिहिता लिहिणाऱ्याची साधना झाली. वस्तूची प्रत निघते, साधनेची निघत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे. यंत्र आपल्याला वस्तू देईल, सेवा देणार नाही. दार हवे असेल तर यंत्राने करून घ्या, त्यात कमीपणा नाही. पण पैसे भरले, फाइल निवडली, दार आले, फीत कापली, याला सेवा म्हणू नका. यंत्राने जेवढी चेष्टा आपल्या अंगातून काढून घेतली, तेवढे अवधान दुसरीकडे कुठेतरी आपल्याला परत घालावे लागेल. नाहीतर देवाच्या दारात सगळे असेल, फक्त आपण नसू.

आमच्या गावाने ते कसे घातले ते थोडक्यात सांगतो, दुसऱ्या गावांना उपयोग व्हावा म्हणून. चोवीस गुरूंची तयार फाइल घ्यायची नाही असे ठरले. चोवीस संध्याकाळी मंडपात एकनाथी भागवत वाचले, रोज एक गुरू. वाचून झाले की चित्रात काय हवे ते गावाने सांगायचे आणि शाळेच्या चित्रकलेच्या सरांनी कागदावर काढायचे. कुमारीचा दिवस आला तेव्हा बायकाच बोलल्या. पाहुण्यांना कळू नये म्हणून कांडताना वाजणाऱ्या बांगड्या तिने उतरवल्या, शेवटी हातात एकेकच ठेवली, तेव्हा मुसळ धरलेल्या हातात एकच बांगडी दिसली पाहिजे. वायू आणि आकाश काढायचे कसे, यावर दोन रात्री वाद झाला. वायूसाठी वाकलेले ज्वारीचे कणीस ठरले, आणि आकाशाची चौकट जवळजवळ रिकामी सोडायची ठरली. मधुहाच्या दिवशी पोळे झाडणारा एक गडी चित्रातला धूर दुरुस्त करून गेला. एवढे गुरुचिंतन आमच्या गावात एरवी झाले नसते. त्या चित्रांवरून फाइली झाल्या आणि कोरताना समितीचा एक माणूस पाळीपाळीने यंत्रापाशी बसला.

कोरलेल्या चौकटी आल्यावर शेवटचा हात तात्यांचा, रोजची पूर्ण मजुरी देऊन. डोळ्यांचे कोपरे, बोटांच्या फटी, गाईचा कान, जिथे यंत्र पोचत नाही तिथे त्यांची पटाशी. मूर्तिकाम आपले नव्हे म्हणणारे तात्या चष्मा लावून दिवसच्या दिवस मंडपात बसले. शाळा सुटली की पोरे भोवती जमत. दाराच्या मागल्या अंगाला छोट्या अक्षरांत खरे ते लिहिले: चित्रे गावची, कोरीव यंत्राचे, शेवटचा हात गावच्या सुताराचा. देणगीदारांच्या नावांची पाटी दारावर लावायची नाही, असेही ठरले. त्यावर दोघेतिघे रुसले. रुसवा निघेल.

वाचकहो, आपणही घरच्या देवघरासाठी असे काही घ्यायला जाल. यंत्राचे काम ‘हातकाम’ म्हणून विकले जाते, तेव्हा आधी खरे विचारा. देवापाशी खोट्याने सुरुवात नको. चित्र डोळे भरून पाहा, श्वान मोजा, हातातली आयुधे पाहा. आणि घरी आणल्यावर एकदा तरी ते स्वतःच्या हाताने पुसा, तेल लावा, कोपऱ्यातली धूळ काडीने काढा. गावात सुतार असेल तर घरचे एखादे काम त्याला द्या, देवाचेच हवे असे नाही.

अवधूताने पाण्याकडून, कबुतराकडून, कोळ्याकडून शिकून घेतले. आज तो आपल्या गावातून फिरला असता, तर त्या घरघरणाऱ्या यंत्रापाशीही क्षणभर थांबला असता, असे मला वाटते. यंत्राला गुरू केले असते की नाही, ते मी कोण सांगणार? पण यंत्र चालू असताना समोर कुणी जागा आहे का, हे त्याने नक्की पाहिले असते.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त.